सातव्या नावाची हजेरी

“नाना, तुम्ही रोज हजेरी कुणाची घेता?”

एवढाच प्रश्न विचारायचा होता. पैज लागली होती. विचारलास तर आम्ही तिघी आठवडाभर तुझं दप्तर उचलू, असं सरूने, बिस्मिल्लाने आणि मी मथूला सांगितलं होतं.

मथूने विचारला. नसता विचारला तर बरं झालं असतं, असं ती आजही म्हणत नाही. मी म्हणते.

वाचणाऱ्याला खोटं वाटेल, म्हणून आधीच सांगते. यातलं काहीही मी रचलेलं नाही. मथुरा देवस्थळी ही माझी मावसबहीण. थोडं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, बाकीचं तिने मला सांगितलं, आणि मी ते दोनदा उलटसुलट विचारून पाहिलं. एका शब्दाचा फरक पडला नाही. धरणाचं नाव तेवढं मी लिहीत नाही. लोणावळ्याच्या माणसाला ते कळेलच.

सन १९३८. श्रावणातला शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. धरणाच्या बाजूला, वस्तीपासून थोडं लांब, नानांचं पत्र्याचं छप्पर असलेलं दगडी घर आहे. मागच्या पडवीत उभं राहिलं की पाणी दिसतं. त्या दिवशी मात्र काहीच दिसत नव्हतं. नुसतं धुकं.

मथू तेव्हा पंधराची. आणि काय तोऱ्यात होती म्हणून सांगू. त्याच वर्षी इन्स्पेक्टर शाळेत आले असताना मुलांना न सुटलेलं गणित तिने फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. सायकल शिकली होती. “मी इंजिनियर होणार,” असं तिने वर्गात उभं राहून सांगितलं, तेव्हा मुलं बाकं बडवून हसली. घरी येऊन तिने तेच नानांना सांगितलं. नाना हसले नाहीत. म्हणाले, “मग पुण्याला जायला हवं. इथे पुढचे वर्ग कुठे आहेत?” आणि त्यांनीच मथूच्या वडिलांना, आप्पांना, गळ घातली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मथूने पुण्याला जायचं, वसतिगृहात राहायचं, मॅट्रिक व्हायचं, असं पक्कं ठरलं.

मथूला जगात दुसरं काही नको होतं.

नाना, म्हणजे त्र्यंबकराव देवस्थळी, तिचे आजोबा. वय शहात्तर. पुण्याच्या कॉलेजातून इंजिनियर झालेले. धरणाच्या बांधकामावर बारा वर्षं काढली. मग एकाएकी नोकरी सोडली आणि लोणावळ्यात शाळामास्तर झाले. का सोडली, ते कुणाला ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं त्यांनी गणित शिकवलं. घरात नातवंडांना चिंचोके मांडून बेरजा शिकवायचे, शेजारणींची शिवणयंत्रं दुरुस्त करून द्यायचे, सासरी गेलेल्या दोन्ही लेकींना दर गुरुवारी पत्र लिहायचे. पहाटे आंघोळ, संध्या, एकादशीचा उपास. आमच्या आळीतल्या मारुतीच्या देवळाचा पाया त्यांनी स्वतः दोरी धरून आखलेला.

त्यांचे जुने विद्यार्थी एक गोष्ट हमखास सांगतात. नाना वर्गात हजेरी घ्यायचे ती मान वर करून. नुसतं ‘हजर’ ऐकून त्यांनी कधी खूण केली नाही. नाव पुकारायचे, पोराचं तोंड बघायचे, मगच पेन्सिल टेकवायचे.

आम्हाला त्याचं हसू यायचं. आमच्या वर्गात आम्ही सर्रास एकमेकींची हजेरी लावत होतो. बिस्मिल्ला तर माझा, सरूचा आणि मथूचा, असे तीन आवाज काढायची.

तर हे नाना रोज संध्या झाली, रामरक्षा झाली, की मागच्या पडवीत यायचे. मेणकापडात गुंडाळलेलं एक लांबोडकं मस्टर उघडायचे. सात नावं वाचायचे. प्रत्येक नावानंतर थांबायचे. मग मस्टर बंद करून जेवायला बसायचे.

पाऊस असो, ताप असो, घरात बारसं असो. आमच्या आठवणीत एकही संध्याकाळ चुकली नाही. माई, म्हणजे मथूची आजी गेली, त्या संध्याकाळीसुद्धा.

सगळ्यांना वाटायचं, म्हातारपणी जुनी माणसं आठवत असतील.

मथूचा प्रश्न ऐकून नानांनी चष्मा काढला.

“कुणी पाठवलं तुला?”

“मैत्रिणींनी. पैज आहे.”

“कसली?”

“दप्तराची. आठवडाभर त्या उचलणार.”

नाना हसले. “मग दप्तर देऊन टाक त्यांच्याकडे. जिंकलीस तू.” मग त्यांचं हसू गेलं. “उद्या माझ्या शेजारी उभी राहा. बोलायचं नाही. फक्त ऐकायचं.”

“काय ऐकायचं?”

“सहावा आवाज आणि सातवा आवाज. दोन आहेत की एकच, ते मला सांगायचं.”

मथूला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. धुकं कालच्यासारखंच. रातकिडे नुसते कर्कश ओरडत होते. बेडकांचं वेगळंच चाललं होतं.

“रखमाजी,” नाना म्हणाले.

आणि…

रातकिडे थांबले.

एकदम. झाकण घातल्यासारखे. ‘हजर’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू.

“सोपान.”

पुन्हा थांबले. पुन्हा सुरू झाले.

“झुंबरबाई… बयाबाई… वाहिद…”

दर नावाला तेच. आवाज तिला एकही ऐकू आला नाही. पण आवाजाची जागा ऐकू आली. ती असंच म्हणाली मला. “जागा ऐकू आली गं.”

“हौशीराम.”

थांबले. सुरू झाले.

“गेणू.”

इथे मात्र नाना पुढे वाकले. कान देऊन, डोळे मिटून. रातकिडे थांबले. सुरू झाले.

“ऐकलंस?”

“नाही, नाना.”

“हं.” त्यांनी मस्टर बंद केलं. “मलाही कधी नीट कळलं नाही. तेवीस वर्षं झाली.”

त्या रात्री जेवणाआधी त्यांनी तिला सगळं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आप्पांनासुद्धा नाही.

१९१५ साल. धरण झालं होतं. धरणातून घाटाच्या कड्यापर्यंत पाणी न्यायचा बोगदाही झाला होता. शेवटची सफाई करायला सात जणांची टोळी आत होती. ते बाहेर आले की दार उचलून पाणी सोडून बघायचं. वरचे साहेब येऊन बसलेले. अंधार पडायच्या आत काम उरकायचं होतं. नाना बोगद्याच्या तोंडाशी मस्टर घेऊन उभे राहिले आणि नावं पुकारली.

सात वेळा ‘हजर’ ऐकू आलं.

नानांनी सात खुणा केल्या. मान वर केली नाही.

“दार उचला,” म्हणाले.

गेणू आतच होता. अंगात ताप होता म्हणून भिंतीतल्या कोनाड्यात पोत्यावर आडवा झाला होता. त्याचा थोरला भाऊ हौशीराम. त्याला वाटलं, गेणू वरच्या वाटेने आधीच घरी गेला असेल. मुकादमाने धाकट्याला शिव्या घालू नयेत, म्हणून गेणूचं नाव आल्यावर हौशीरामच ‘हजर’ म्हणाला. टोळीत सगळेच एकमेकांसाठी म्हणायचे. त्यात कुणाला काही वाटत नसे.

गेणू सापडला नाही. खालच्या जाळीला त्याचं मुंडासं तेवढं लागलं.

हौशीराम दीड महिना बोगद्याच्या तोंडाशी बसून होता. कुणी काही विचारलं तरी ‘हजर’ म्हणायचा. भाकर खातोस का? हजर. घरी चल. हजर. एका सकाळी तो तिथे नव्हता. त्याची वहाण पाण्याच्या काठाला होती.

“चौकशी झाली,” नाना म्हणाले. “मस्टर पूर्ण होतं. सही माझी होती. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही.”

“मग तुमची चूक नव्हतीच, नाना.”

“मथू, सात आवाजांतले दोन सारखे होते. मला ते ऐकू यायला हवे होते.” त्यांनी मस्टरवर हात ठेवला. “हौशीराम गेल्यावर मी ते मस्टर घरी आणलं आणि सहज नावं वाचली. तेव्हा रातकिडे थांबले. पहिल्यांदा फक्त सहाव्या आणि सातव्या नावाला थांबायचे. मग एकेक जण मरत गेला, तसं त्याच्या नावालाही थांबायला लागले. मागच्या उन्हाळ्यात वाहिद गेला. आता सातही जण येतात.”



“तुम्ही वाचायचं सोडून का नाही दिलं?”

“एकदा चुकलं. एकवीस साली तुझ्या आत्याचं लग्न साताऱ्याला होतं. मी गेलो. त्याच संध्याकाळी घाटात रुळांवर काम करणाऱ्या टोळीची हजेरी झाली. सगळे हजर. गाडी सोडली.” नानांनी हात नुसता आडवा फिरवला. “एक जण रुळावर होता. त्याच्या नावाला ‘हजर’ कुणी म्हटलं, ते अजून कुणाला ठाऊक नाही.”

“म्हणजे…”

“हौशीरामला नाव लागतं. मी पुकारलं तर तो भावाच्या नावाला ‘हजर’ म्हणतो आणि जातो. मी नाही पुकारलं, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावाला म्हणतो.”

त्यानंतर नाना लोणावळ्याबाहेर एकदाही गेले नव्हते. माईंच्या अस्थी न्यायला आप्पा गेले. काशीला जायची त्यांची फार इच्छा होती. ती राहिली ती राहिलीच.

हे सगळं मथूने तेव्हा आम्हाला सांगितलं नाही. आम्ही तिचं दप्तर आठवडाभर उचललं आणि वर चिडवलं. “काय गं, नानांनी गुपित सांगितलं का?” बिस्मिल्ला म्हणाली. “सांगितलं. तुमची हजेरी मला घ्यायला सांगितलीय,” मथू म्हणाली. नेहमीसारखी ठसक्यात. पण त्या दिवसापासून तिने वर्गात आमच्यासाठी ‘हजर’ म्हणायचं सोडलं. सरूला राग आला. “मोठी शिष्ट झाली इंजिनियरीण,” असं दोन दिवस चाललं होतं.

भाद्रपदात गणपती गेले आणि नाना आजारी पडले. घसा बसला. मग आवाजच गेला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांना दोघांनी धरून पडवीत आणून बसवलं. त्यांनी मस्टर उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा प्रयत्न केला. नाही.

त्यांनी मथूकडे बघितलं.

मथूने एक क्षणही विचार केला नाही. शाळेत स्पर्धेला उभी राहते तशी ती ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. आपल्याला जमतंय याचा तिला अभिमान वाटत होता. हे तिने स्वतः मला सांगितलं.

“रखमाजी.”

आणि…

“हजर.”

लांबून. धुक्याच्या आतून. खोल गेलेला, म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

ती थांबली नाही. सोपान. हजर. झुंबरबाई. हजर. बाईचा आवाज, दमलेला. बयाबाई. वाहिद. एकेक वेगळा.

“हौशीराम.”

“हजर.”

तरुण आवाज. थोडा घोगरा.

“गेणू.”

…

“हजर.”

नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी दोन बोटं वर केली. मग एक बोट. भुवया उंचावल्या. दोन की एक?

तोच घोगरा आवाज होता. तोच. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

“दोन, नाना,” मथू म्हणाली. “दोन वेगळे. गेणूचा आवाज पातळ आहे. पोरासारखा.”

नानांनी डोळे मिटले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. तेवीस वर्षं जी गोष्ट ऐकायची होती ती त्यांना मिळाली होती. ते बराच वेळ तिचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

मथूला वाटलं, संपलं. नाना सुटले, आता हजेरीही सुटली. शिवाय घरात सुतक. मस्टर कोण उघडणार?

पहिल्या संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, रातकिडे थांबले. क्षणभर. कुणी नाव घेतलं नव्हतं, तरी.

तिसऱ्या दिवशी ते जेवणं होईपर्यंत गप्प होते.

पाचव्या दिवशी बेडूकही गप्प. गोठ्यातली गाय रवंथ करायची थांबून पडवीकडे बघत उभी राहिली.

दहाव्या दिवशी भांडी घासायला येणारी बाई तशीच हात धुऊन उठली. म्हणाली, “बाय, हे बरं न्हाई. किडं एवढं गप कवा बसत न्हाईत. हितं कुनीतरी वाट बगतंय. मी उद्यापास्नं दुपारच्याला येईन.”

तेराव्याला खूप माणसं आली. नानांचे विद्यार्थी आता बाप झालेले, कुणी तारमास्तर, कुणी वडगावच्या कचेरीत कारकून. एकेक जण आठवणी सांगत होता. कुणाला नानांनी फी माफ करवून दिली होती, कुणाच्या विहिरीची जागा दाखवली होती. “देवमाणूस,” असं सगळेच म्हणत होते. धरणावरचे मुकादम कोंडाजी कोपऱ्यात बसले होते. पंधरा सालीही तेच मुकादम होते. ते एवढंच म्हणाले, “साहेब लय चांगला मानूस. पर त्या दिसापास्नं मी त्यांना कदी पोटभर जेवताना बगितलं न्हाई.”

पाहुणे गेले. अंधारून आलं. रातकिडे थांबले.

सुतक संपलं होतं; हौशीराम आता आणखी थांबणार नाही, हे मथूला कळलं. ती उठली, मस्टर घेतलं, पडवीत गेली आणि सात नावं वाचली.

सात वेळा ‘हजर’ आलं. मग रातकिडे ओरडायला लागले, गाय खाली बसली, घर पुन्हा घरासारखं झालं.

मथूने ठरवलं, दिवाळीपर्यंत वाचू. मग पुण्याहून वाचू. नावं तर कुठूनही पुकारता येतात. मला हे तिने तेव्हाच सांगितलं, आणि मीही मूर्खासारखं म्हटलं, “हो तर. त्यांना काय, पुणं काय आणि लोणावळं काय.”

दिवाळीनंतर दोन गोष्टी एकदम आल्या. आप्पा धरणावर ओव्हरसियर होते. बोगदा कोरडा करून आतून दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे आलं. आणि त्याच आठवड्यात मथू आईबरोबर पुण्याला वसतिगृह बघायला गेली.

ती किती खूष होती. वसतिगृहात चार पलंगांची खोली, खिडकीत चिंचेचं झाड. बाईंनी तिला विचारलं, “इंजिनियर का व्हायचंय?” मथू म्हणाली, “पाणी कुठून कुठे जातं ते मला माणसांआधी कळायला हवं म्हणून.” बाईंनी सोमवारपासून ये म्हणून सांगितलं. आईने तिथल्या तिथे तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी सहाला ती शुक्रवार पेठेतल्या काकूंच्या गॅलरीत उभी होती. खाली टांगे, भाजीवाल्या, कुणाचीतरी पेटी वाजत होती. मथूने हळू आवाजात सात नावं घेतली. थांबत थांबत.

काहीच थांबलं नाही. टांगे चालू, पेटी चालू.

नावं नुसती नावं राहिली.

त्याच वेळी, इकडे, आप्पा बोगद्याच्या तोंडाशी उभे होते. एकोणीस माणसं सकाळी आत गेली होती. आप्पांनी हजेरी घेतली. एकोणीस नावं. एकोणीस ‘हजर’. पाणी थोडं सोडून भिंतींचं अस्तर बघायचं होतं.

“दार उचला,” आप्पा म्हणाले.

दार उचलायच्या चाकाचे दोन आटे फिरले. पाण्याचा आवाज सुरू झाला. आणि कोंडाजी मुकादम एकदम ओरडले, “थांबवा.”

भाकरीची फडकी सगळ्यांनी खुंट्यांना अडकवली होती. घरी निघताना ज्याने त्याने आपापलं काढून नेलं होतं. एक फडकं तिथेच लोंबत होतं.

दार खाली पाडलं. कंदील घेऊन माणसं आत धावली. महिपती गवंडी गळ्याएवढ्या पाण्यात भिंतीला धरून उभा सापडला. त्याचा कंदील विझला होता, वाट चुकली होती.

दुसऱ्या दिवशी मथू घरी आली तेव्हा आप्पा पायरीवर बसले होते. बूट चिखलाचे, कालचेच. समोर महिपती घोंगडी लपेटून बसला होता. तो आप्पांना काहीतरी पुन्हापुन्हा सांगत होता.

“साहेब, मी बोललोच न्हाई. मी आत व्हतो, कसा बोलनार? पर माजं नाव आत ऐकू आलं. आन हजर म्हनल्यालंबी आलं. माज्या मागनं. अगदी मानंपाशी. घोगरं.”

मथूच्या हातातली पिशवी खाली पडली.

तिने आईला आणि आप्पांना सगळं सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं.

“संध्याकाळी मी तुझ्याबरोबर उभा राहतो,” एवढंच म्हणाले.

उभे राहिले. मथूने वाचलं. आप्पांना ‘हजर’ ऐकू आलं नाही. पण सात वेळा रातकिडे थांबले, ते त्यांनी ऐकलं.

“आण ते इकडे,” त्यांनी मस्टर तिच्या हातातून घेतलं. “उद्यापासून मी वाचेन. तू पुण्याला जा. नानांचा मुलगा मी आहे, ते माझं काम आहे.”

दुसऱ्या संध्याकाळी आप्पांनी वाचलं. आई आणि मथू आत दाराशी उभ्या होत्या. त्या दिवशी मीही तिथे होते.

“रखमाजी.”

रातकिडे ओरडत राहिले.

“सोपान.”

ओरडतच राहिले.

आप्पांनी आवाज चढवला. सातही नावं घेतली. पुन्हा घेतली. शेवटी शेवटी ते ओरडत होते. “गेणू. गेणू. अरे गेणू.” त्यांचा आवाज फाटला. किड्यांवर काही परिणाम नाही.

मग ते थकून खाली बसले. आणि तेव्हा रातकिडे गप्प झाले. आपणहून. सगळे.

ती शांतता मी ऐकली आहे. अजून कधीतरी दुपारी शाळेतसुद्धा एखादा आवाज बंद झाला की माझे हात गार पडतात. आमच्या बाईंनी हजेरी घेताना माझं नाव पुकारलं की मी आधी उभी राहते. मगच बोलते.

मथूने आप्पांच्या मांडीवरून मस्टर उचललं. हळू आवाजात सात नावं वाचली. रातकिडे परतले. हौशीरामचा आवाज दोनदा आला, असं ती म्हणाली. खोट्याचा आता उपयोग नव्हता.

त्या मस्टरमध्ये आठव्या ओळीची जागा मोकळी आहे. मी विचारलं, “तू नानांचं नाव कधी पुकारून बघितलंस का?” ती म्हणाली, “नाही. ‘हजर’ आलं तर?”

आत ट्रंक भरलेली होती. सोमवारला तीन दिवस होते. आई ट्रंकेवर हात ठेवून बसली होती.

“बोगद्याचं काम महिन्याभरात संपेल,” आई म्हणाली. “मग तरी?”

“मग रेल्वेची टोळी असेल,” आप्पा म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. “खाण असेल. शाळा असेल. जिथे हजेरी घेतात तिथे कुठेही.”

मथू दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली. इन्स्पेक्टरांसमोर उभी होती तशीच, ताठ.

“आप्पा, आई, मी पुण्याला जाणार नाही. सोमवारी नाही आणि पुढच्या जूनमध्येही नाही. रोज दिवे लागायच्या वेळी मी इथेच असेन.”